फवारणींतील विषबाधा आणि शेतमालकाचें कर्तव्य

विहिरींत माणूस उतरवावयाचा असला म्हणजे आपण आधीं दोर तपासून पाहतों. बैल मारका असला म्हणजे नव्या गड्यास तसें सांगून ठेवतों. धोका डोळ्यांस दिसतो तेथें माणसाची सावधगिरी आपोआप जागी होते. परंतु पिकावर फवारावयाच्या औषधाचा धोका दिसत नाहीं, दुखत नाहीं, आणि कित्येकदां कांहीं तास कळतहि नाहीं. म्हणून त्याविषयीं मुद्दाम चार शब्द लिहिणें अवश्य वाटतें.

२०१७ सालच्या खरिपांत आपल्या यवतमाळ जिल्ह्यावर जो प्रसंग गुजरला तो येथील कास्तकारांच्या स्मरणांतून जाणें शक्य नाहीं. जुलै ते ऑक्टोबर ह्या अवधींत कपाशीवर फवारणी करतांना ८०० हून अधिक शेतकरी व मजूर विषबाधेनें आजारी पडून रुग्णालयांत दाखल झाले, आणि २० हून अधिक दगावले. पुढें राज्य सरकारनें चौकशीसाठीं विशेष पथक नेमलें, आणि यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा व वाशीम ह्या पांच जिल्ह्यांत पांच प्रकारच्या औषधांच्या विक्रीस ६० दिवसांची बंदी घातली. तोंवर हंगाम बहुतेक सरला होता.

असें कां झालें, ह्याचीं कारणें एकाहून अधिक होतीं. त्या वर्षीं पुष्कळ ठिकाणीं पऱ्हाटी माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती. पीक गुडघ्याएवढें असतें तेव्हां फवारा पायांशीं राहतो. पीक डोक्याएवढें झालें म्हणजे तोच फवारा तोंडावर, छातीवर व पाठीवर येतो, आणि ओल्या पानांतून चालतांना सर्व अंग भिजतें. बीटी वाणास गुलाबी बोंडअळी दाद देईनाशी झाली होती, त्यामुळें फवारण्या वाढल्या. एका औषधानें गुण येत नाहीं म्हणून दोन दोन, तीन तीन औषधें एकत्र कालविण्यांत आलीं. यंत्राच्या पंपानें तुषार बारीक व पुष्कळ उडूं लागले. त्यांत दमट उष्मा. घामानें भिजलेल्या कातडींतून विष लवकर आंत शिरतें.

त्या वेळीं, मजुरांनीं हातमोजे व तोंडावर पट्टी घातली नव्हती, असें पुष्कळांनीं म्हटलें. तें सर्वस्वीं खोटें नव्हे. परंतु हातमोजे त्यांस दिले होते कोणीं? महसूल खात्यांत कारकुनी करतांना अपघाती मृत्यूचे कागद प्रस्तुत लेखकाच्या हातांखालून बरेच गेले. ‘कारण’ ह्या शब्दापुढें ‘निष्काळजीपणा’ असें लिहिलें कीं कागद पुरा होई. निष्काळजीपणा कोणाचा, हें विचारण्यास त्यांत रकाना नसे. तो रकाना आपण आपल्या मनांत तरी ठेवावा, एवढेंच ह्या लेखाचें सांगणें आहे.

कारखान्यांतील कामगारांच्या रक्षणासाठीं आपल्या देशांत १९४८ सालीं कायदा झाला. त्याची नजर शेताच्या बांधापर्यंत पोंचली नाहीं. पुढें २००१ सालीं जिनीव्हा येथें आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेनें शेतीकामासंबंधीं १८४ वा करार संमत केला. कामावरील माणसाच्या सुरक्षिततेची काळजी वाहणें हें मालकाचें कर्तव्य होय, असें त्यांत स्पष्ट म्हटलें आहे. आपल्या शेतांत पंप पाठीवर घेणारा बहुधा सालदार किंवा रोजानें आलेला भूमिहीन मजूर असतो. औषध कोणतें, किती व कशांत मिसळावयाचें हें तो ठरवीत नाहीं, आपण ठरवितों. मग जबाबदारीहि ठरविणाऱ्याकडेच येते. ती कशी पार पाडावी तें क्रमानें सांगतों.

पहिली गोष्ट वाचण्याची. कीटकनाशकांचा कायदा १९६८ सालीं व त्याचे नियम १९७१ सालीं झाले. त्या नियमांप्रमाणें प्रत्येक वेष्टनावर कोपऱ्यावर उभा असलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग पाहावा. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा त्याच्या खालोखाल, निळा मध्यम, हिरवा त्याहून सौम्य. हिरवा रंग पाहून औषध निर्धास्तपणें अंगावर घेऊं नये. वेष्टनासोबतचा माहितीचा कागद पुड्यासारखा फेकून न देतां घरीं जपून ठेवावा, आणि कामास लागण्यापूर्वीं त्यांतील मजकूर गड्यास मोठ्यानें वाचून दाखवावा. त्याला अक्षरओळख नसेल, आपणांस आहे.

दुसरी गोष्ट मिश्रणाची. वेष्टनावर किंवा कृषि खात्याच्या शिफारशींत सांगितलें नसेल तर दोन औषधें एकत्र करूं नयेत. दुकानदाराचा सल्ला हा विकणाऱ्याचा सल्ला असतो. औषध मापानें घ्यावें व लांब काठीनें ढवळावें, हातानें कधींहि नाहीं.

तिसरी गोष्ट साहित्याची. पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब पायजमा, रबरी हातमोजे व बूट, चष्मा, नाकातोंडास योग्य मुखवटा, हें सर्व मालकानें आणून द्यावें. तोंडास बांधलेला ओला रुमाल हें संरक्षण नव्हे. तो विष शोषून नाकाशींच धरून ठेवतो. पंप गळका नसावा. तोटी तुंबली तर तोंडानें फुंकूं नये, बारीक ब्रशानें साफ करावी.

चौथी गोष्ट वेळेची. एवढें साहित्य अंगावर घालून भाद्रपदाच्या उन्हांत काम होत नाहीं, हें गड्याचें म्हणणें खरें आहे. म्हणून फवारणी सकाळीं लवकर किंवा उन्हें कलल्यावर करावी, माणसें आळीपाळीनें बदलावीं, आणि वाऱ्याच्या तोंडावर चालूं नये. जेथें पंपावर मजुरी ठरते तेथें गडी घाई करतो, आणि घाईंत हातमोजे प्रथम निघतात. फवारणीची मजुरी रोजानें द्यावी. मध्येंच खर्रा, बिडी किंवा भाकरी नको. साबण व स्वच्छ पाण्याची बादली बांधावर भरून ठेवावी.

पांचवी गोष्ट काम संपल्यानंतरची. गड्यानें अंग साबणानें धुवावें. फवारणीचे कपडे निराळे धुवावेत. नाहींतर विष घरच्या बाईच्या हातीं जातें. फवारलेल्या शेतांत वेष्टनावर सांगितलेल्या मुदतीपूर्वीं निंदणास बाया पाठवूं नयेत. रिकामे डबे तीनदां विसळून, भोंकें पाडून, विहिरीपासून दूर पुरावेत. त्यांत तेल किंवा पाणी ठेवण्याची चाल सर्वथा टाकून द्यावी.

इतकें करूनहि कोणास डोकेदुखी, मळमळ, फार घाम, तोंडास लाळ, अंधुक दिसणें, अंग फडफडणें किंवा दम लागणें असें झालें, तर तें उन्हाचें आहे असें समजून झाडाखालीं निजवून ठेवूं नये. काम थांबवावें, भिजलेले कपडे काढावेत, अंग धुवावें. शुद्ध हरपली असेल तर कुशीवर ठेवावें. दूध, तूप पाजूं नये, ओकारी काढूं नये. लागलीच रुग्णालयांत न्यावें आणि औषधाचें वेष्टन बरोबर द्यावें. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारख्या औषधांवर अ‍ॅट्रोपिन हा उतारा आहे. परंतु त्या वेळीं बंदी घातलेल्या औषधांपैकीं डायफेन्थियुरॉनवर विशिष्ट उतारा नाहीं. पोटांत कोणतें विष गेलें हें डॉक्टरास कळलें नाहीं तर त्याच्या हातांतील वेळ व्यर्थ जातो.

साहित्याचा खर्च एकट्यास जड वाटत असेल तर चार शेजारी कास्तकारांनीं मिळून तें घ्यावें व हंगामभर वापरावें. औषधाच्या एका फवारणीस आपण जो पैसा मोजतों त्याच्याशीं ह्या खर्चाची तुलना करून पाहावी. बियाणें व खत ह्यांची यादी आपण मृगाच्या आधीं करतों. ह्या वर्षीं त्याच यादींत हातमोजे, बूट व चष्मा हीं तीन नांवें प्रत्येक सभासदानें लिहावीं, आणि तीं आणल्यावांचून पंप गड्याच्या पाठीवर चढवूं नये, अशी विनंति आहे.