झडपांची झाडाझडती

लब-डब, लब-डब! हृदयाचा हा आवाज कशाचा, माहीत आहे का? दारं उघडण्याचा? चूक! आपटून बंद होण्याचा. ‘लब’ला मायट्रल आणि ट्रायकस्पिड झडपा मिटतात, ‘डब’ला एओर्टिक आणि पल्मोनरी. दिवसाला साधारण एक लाख वेळा ही आदळआपट, आणि शेजाऱ्यांची एकही तक्रार नाही!

झडप गळकी झाली किंवा अरुंद झाली, की मधल्या शांततेत सूं-सूं, फुस्स-फुस्स सुरू. डॉक्टरांच्या भाषेत ‘मर्मर’. हीच कुजबुज ऐकायला आता मशीन लर्निंगनं कान टवकारलेत.

स्टेथोस्कोपचा जन्म मात्र संकोचातून झाला. पॅरिस, १८१६. तरुण बाईच्या छातीला कान कसा लावायचा? रेने लेनेक या डॉक्टरांनी कागदाची गुंडाळी केली, एक टोक छातीवर, दुसरं कानाला. आवाज उलट जास्तच स्पष्ट!

तरी ऐकणं सोपं नाही बरं का. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या शिकाऊ डॉक्टरांना हृदयाचे रेकॉर्ड केलेले आवाज ऐकवले. बरोबर ओळखले किती? पाचातला जेमतेम एक. फिलाडेल्फियातल्या एका प्राध्यापकांनी मग जालीम उपाय काढला: एकेक मर्मर ५०० वेळा ऐका! विद्यार्थी सुधारले. मशीनला तर ५०० काय नि ५० हजार काय, कंटाळा हा प्रकारच नाही.

आणि गंमत माहीत आहे का? मशीन बऱ्याचदा ऐकत नाही, बघतं! आवाजाचं रंगीत चित्र काढायचं, स्पेक्ट्रोग्राम. मग फोटोत कुत्रा की मांजर हे ओळखणारंच तंत्र त्यावर सोडायचं. कानाचं काम डोळ्यांवर!

२०१६ मध्ये याची जागतिक स्पर्धाच झाली. सरावाला ३,१२६ रेकॉर्डिंग्ज, मैदानात ४८ टीम. प्रश्न एवढाच: नॉर्मल की अॅबनॉर्मल? विजेत्यांचा स्कोअर १०० पैकी ८६. फर्स्ट क्लास, पण बोर्डात पहिला म्हणावा असा नाही.

खरी धमाल ब्राझीलची. २०१४-१५ मध्ये पराइबा राज्यात १,५६८ जणांच्या हृदयाचे आवाज टिपले, बहुतेक मुलंच. ५,२७२ रेकॉर्डिंग्ज, आणि त्यात लब-डबसोबत काय काय? रडारड, गप्पा, हसणं, स्टेथो घासल्याची खरखर! २०२२ च्या स्पर्धेत टीम्सना याच गोंगाटातून मर्मर शोधायची होती. उलट दक्षिण कोरियात तयार झालेला एक हजार छोट्या, स्वच्छ क्लिप्सचा संग्रह आहे. त्यावर ९९ टक्के अचूकतेचे दावे धडाधड होतात. आमचा सल्ला: असा आकडा वाचलात की आधी विचारा, मागे बाळ रडत होतं का?

मर्मर जितकी मोठी, आजार तितका मोठा? अजिबात नाही! पाण्याचा पाइप बोटानं दाबला की धार जोरात सूं करते ना, तसंच हृदयाच्या पडद्यातलं बारीक छिद्र दणक्यात वाजतं. आणि एओर्टिक झडप पार अरुंद होऊन हृदय थकलं, की मर्मर उलट हळू होते. मशीनचीही इथेच परीक्षा.

काही मर्मर तर स्टेथो छातीवरून उचलला तरी ऐकू येतात. सहापैकी सहावी ग्रेड, टॉप व्हॉल्यूम! आणि एओर्टिक झडप फार गळू लागली, की काहींची मान ठोक्यागणिक डुलते. या लक्षणाला फ्रेंच कवी आल्फ्रेद द म्यूसे यांचं नाव आहे. कवी मैफलीत डोलतात, हे आपल्या झडपेवर डोलायचे.

२०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेनं ‘एको’ कंपनीच्या मर्मर ओळखणाऱ्या अल्गोरिदमला हिरवा कंदील दिला. कानामागून आला आणि तिखट झाला!

पण तो म्हणतो काय, तर ‘संशय आहे, पुढे तपासा.’ झडप किती खराब, हे टूडी एको ही हृदयाची सोनोग्राफीच सांगते. आपल्याकडे तर लहानपणी घसा दुखून आलेल्या संधिवाताच्या तापानं झडपा बिघडण्याची उदाहरणं आजही आहेत, त्यामुळे डॉक्टरांनी टूडी एको सांगितली तर टाळू नका. आणि हो, ते स्टेथो लावतील तेव्हा कृपया दोन मिनिटं गप्प बसा!