पुराच्या वेळी ‘एमआय-१७’ उतरणार कुठे?

पंचवटी : गोदावरीला पूर आला, की पंचवटीकरांची नजर प्रथम दुतोंड्या मारुतीकडे जाते. पाणी मूर्तीच्या कमरेला लागले की छातीला, यावरून पुराची तीव्रता ठरते. ४ ऑगस्ट २०१९ रोजी ही मूर्ती पाण्याखाली गेली. त्याच दिवशी ठाणे जिल्ह्यातील खडवलीजवळच्या जू-नांदखुरी गावात पाण्याने वेढलेल्या ५८ जणांची हवाई दलाच्या ‘एमआय-१७’ हेलिकॉप्टरने सुटका केली. असा प्रसंग रामकुंडाच्या परिसरात ओढवला, तर हेच हेलिकॉप्टर कितपत उपयोगी पडेल, हे समजण्यासाठी त्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही पाहावयास हव्यात.

नाशिककरांना हेलिकॉप्टरचे अप्रूप नाही. गांधीनगर येथे २००३ मध्ये लष्कराचे हवाई प्रशिक्षण केंद्र सुरू झाले आणि चेतक, चीता यांची घरघर शहराच्या परिचयाची झाली. मात्र ही हलकी हेलिकॉप्टरे आहेत. सुमारे दोन टन वजनाच्या या यंत्रांत वैमानिकासह पाच ते सात जण बसतात. ‘एमआय-१७ व्ही-५’ हे मध्यम गटातील हेलिकॉप्टर उड्डाणावेळी १३ टनांपर्यंत वजन पेलते. त्यात ३६ सशस्त्र जवान बसू शकतात किंवा साडेचार टनांपर्यंतचा भार दोराने खाली लटकवून नेता येतो.

या रशियन कुळातील मूळ ‘एमआय-८’ने १९६१ मध्ये पहिले उड्डाण केले. आजवर या कुळातील १२ हजारांहून अधिक हेलिकॉप्टरे तयार झाली आहेत. जवान, रुग्ण, धान्याची पोती किंवा पूरग्रस्त, एकाच पोकळ धडात काहीही नेता येते. मुलकी वाहतुकीसाठीही त्याची आवृत्ती आहे. दोन इंजिने असल्याने एक बंद पडले तरी दुसऱ्याच्या आधारे सुरक्षित जागा गाठण्याची शक्यता राहते.

अडचण येते ती आकारामुळे. त्याच्या पाच पात्यांच्या पंख्याचा व्यास २१ मीटरहून अधिक आहे. एवढे वजन हवेत तोलून धरायचे, तर तेवढीच हवा जोराने खाली ढकलावी लागते. पूर्ण भार असताना या झोताचा वेग ताशी ८० किलोमीटरच्या आसपास जातो. पत्रे, ताडपत्र्या, दुकानांचे फलक यांना तो सहज उडवू शकतो. शिवाय समुद्रसपाटीपासूनची उंची आणि उष्मा वाढला, की हवा विरळ होते व उचलण्याची क्षमता घटते.

उतरण्यास जागा नसल्यास हेलिकॉप्टर हवेत स्थिर ठेवावे लागते. २८ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईत कुलाब्याच्या दाट वस्तीत याच जातीच्या हेलिकॉप्टरमधून राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो दोरावरून नरिमन हाऊसच्या गच्चीवर उतरले होते. पण प्रशिक्षित कमांडोने दोरावरून उतरणे वेगळे आणि घाबरलेल्या वृद्धाला किंवा बालकाला वर खेचून घेणे वेगळे. एका वेळी एक-दोन जणच वर घेता येतात आणि तेवढा वेळ यंत्र एका जागी तोलून धरावे लागते. बचावकार्यातील धोकाही मोठा असतो. २५ जून २०१३ रोजी उत्तराखंडच्या महापुरात गौरीकुंडजवळ ‘एमआय-१७ व्ही-५’ कोसळून त्यातील सर्व २० जण मृत्युमुखी पडले.

पंचवटीच्या अरुंद, उताराच्या गल्ल्यांनी केवळ पूरच पाहिलेला नाही. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थाच्या पर्वणीला येथील चेंगराचेंगरीत ३० हून अधिक भाविकांचा बळी गेला. अशा गर्दीवर हेलिकॉप्टर खाली आणणे म्हणजे झोताने नवी पळापळ ओढवून घेणे ठरेल. जखमींना प्रथम माणसांनीच गल्लीबाहेर, मोकळ्या जागेपर्यंत आणावे लागेल. तेथून पुढे हेलिकॉप्टर मोलाचे ठरू शकते.

जुन्या पंचवटीच्या सर्वांत जवळचा विस्तीर्ण मोकळा भाग म्हणजे तपोवन. परंतु सिंहस्थात साधुग्राम वसते तेही तेथेच. त्यामुळे २०२७ च्या पर्वण्यांसाठी केवळ हेलिकॉप्टर सज्ज असणे पुरेसे नाही. मंडप आणि विजेच्या तारांपासून मुक्त, टणक जमिनीचा एक तुकडा आणि रामकुंडापासून तेथपर्यंत रुग्णवाहिकेला मोकळी वाट, या दोन गोष्टी आराखड्यात आधीच राखून ठेवाव्या लागतील. तसे न झाल्यास पंचवटीवर आलेली मदत आकाशातच घिरट्या घालत राहील.