वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र : पदवीनंतर पुढे काय?

वैद्यकीय प्रवेशाची यादी लागते आणि तीत नाव नसलेले अनेक विद्यार्थी वनस्पतिशास्त्र वा सूक्ष्मजीवशास्त्राकडे वळतात. ‘यात पुढे काय?’ हा पालकांचा पहिला प्रश्न असतो. तो रास्तही आहे. कारण निव्वळ पदवीवर मिळणाऱ्या संधी मर्यादित आहेत आणि संशोधनाची वाट लांबची आहे. त्या वाटेवर नेमके काय काम चालते, याची उदाहरणे मात्र गोव्यातच सापडतात.

खाजन आणि मिठागर

बांध फुटला किंवा मानशीचे दरवाजे नादुरुस्त झाले, की खाजन शेतीत खारे पाणी शिरते. मातीतील क्षार वाढल्याने मुळांना पाणी शोषणे अवघड होते आणि पानांत साचणारे सोडियम पेशींना मारक ठरते. इतर भात करपते, तेथे ‘कोरगुट’ तग धरते. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या या वाणातून निवड करून जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने ‘गोवा धान १’ व ‘गोवा धान २’ हे वाण विकसित केले. अशी निवड म्हणजे अनेक हंगाम शेतात उभे राहून रोपारोपाच्या नोंदी ठेवणे आणि त्यांतील सरस रोपांचे बी पुन्हा पेरणे.

मिठागरांत पाणी आटत जाते, तसे समुद्राच्या कितीतरी पट खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव पुढे येतात. त्यांच्यातील रंगद्रव्यांमुळे पाण्याला लालसर छटा येते. एरवी प्रथिने निकामी करणाऱ्या क्षारांत यांची विकरे काम करतात; म्हणून उद्योगांनाही त्यांच्यात रस आहे. गोवा विद्यापीठात या सूक्ष्मजीवांवर अभ्यास झाला आहे. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सागरी सूक्ष्मजीवांवर संशोधन चालते.

पदवीवर काय मिळते?

सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवीधराला औषधनिर्मिती कंपन्यांच्या गुणवत्ता तपासणी विभागात काम मिळू शकते. तेथे पाणी, हवा व तयार औषध यांतील जंतूंची चाचणी होते. निर्जंतुक हाताळणी आणि काटेकोर नोंदी यांना महत्त्व असते. रुग्णालयातील प्रयोगशाळेसाठी मात्र बहुधा वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची वेगळी पात्रता मागितली जाते. भारतीय वनसेवेच्या परीक्षेसाठी पात्र विषयांत वनस्पतिशास्त्र आहे, सूक्ष्मजीवशास्त्र नाही. पदवीचे विषय निवडतानाच हा फरक ध्यानात घ्यावा.

संशोधनाची वाट

संशोधनाकडे जाण्याचा रूढ मार्ग एम.एस्सी., त्यानंतर सीएसआयआर-यूजीसी नेट आणि पीएच.डी. असा आहे. २०२२च्या यूजीसी नियमांनुसार चार वर्षांची पदवी किमान ७५ टक्के गुणांनी पूर्ण करणाऱ्यांनाही पीएच.डी. प्रवेशासाठी थेट अर्ज करता येतो. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाल्यास २०२३पासूनच्या दरानुसार पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे वरिष्ठ छात्रवृत्तीचे ४२,००० रुपये मिळतात. घरभाडे भत्ता वेगळा.

पीएच.डी.ला साधारण पाच वर्षे लागतात. त्यानंतरही कायमस्वरूपी पदांसाठी मोठी स्पर्धा असते आणि अनेकांना काही वर्षे प्रकल्पांवर किंवा परदेशात काढावी लागतात. स्थैर्य येईपर्यंत तिशी उलटते. घरची आर्थिक जबाबदारी लवकर पेलावी लागणार असेल, तर हा हिशेब आधीच मांडलेला बरा.

निर्णयापूर्वी

पदवीच्या काळातच एखादी सुटी प्रयोगशाळेत घालवावी. देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन छात्रवृत्ती देतात. एकच प्रयोग दहादा फसल्यावर अकराव्यांदा मांडण्याची इच्छा उरते की नाही, हे तेथे कळते. एम.एस्सी.साठी संस्था निवडताना तेथील प्राध्यापक सध्या कोणत्या प्रश्नावर काम करतात, याचीही चौकशी करावी. ‘पुढे काय?’ या प्रश्नाचे उत्तर मग पालकांना नेमकेपणाने देता येईल.