मिरचीचे फार लाड नकोत!

मेसच्या जेवणाला कितीही नावं ठेवली तरी ताटात एक ताजी हिरवी मिरची असली की साधा वरण-भातसुद्धा बरा लागतो. ही मिरची घरच्या अंगणात, गच्चीवर, अगदी होस्टेलच्या गॅलरीतही बियांपासून लावता येते. तरी बऱ्याच जणांची रोपं पहिल्या महिन्यातच जातात. दुर्लक्षामुळे नाही, तर जास्तीच्या काळजीमुळे! मिरचीला काय हवं यापेक्षा कधी काय नको, हे कळणं जास्त महत्त्वाचं आहे.

बी कुठलं? कोवळ्या हिरव्या मिरचीतलं बी तयार झालेलं नसतं. झाडावरच पिकून लाल झालेल्या मिरचीचं घ्यावं. स्वयंपाकघरातल्या सुक्या लाल मिरचीचं बीही चालतं, पण ते किती जुनं आहे हे कळत नाही. म्हणून आधी सॅम्पल टेस्ट! १० बिया ओलसर कापडात गुंडाळून उबेला ठेवा. दोन आठवड्यांत ६-७ बियांना मोड आले तर बी पास. हायब्रीड मिरचीच्या बियांपासून तशीच झाडं येतील याची खात्री नसते. पुसा ज्वाला किंवा फुले ज्योती अशा सुधारित जातीचं बी मात्र पुढच्या वर्षासाठी धरता येतं. बी काढताना हाताची आग झाली तर नुसत्या पाण्याने उपयोग नाही. तिखटपणा देणारं कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, तेलात विरघळतं. आधी तेल चोळा, मग साबण लावा.

माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत सारखं घेऊन ट्रे भरा. बी साधारण अर्धा सेंटीमीटर खोल पेरा. २५ ते ३० अंश तापमानात ८ ते १२ दिवसांत कोंब दिसतात. थंडीत तीन आठवडेही लागतात, तेव्हा रोज उकरून बघू नका.

इथेच पहिला लाड नडतो, तो म्हणजे पाणी. माती सतत चिखलासारखी राहिली की बुरशी वाढते, कोवळं खोड मातीलगत सडतं आणि रोप एका रात्रीत आडवं होतं. शेतकरी याला रोप कोलमडणं म्हणतात. आडवं झालेलं रोप पुन्हा उभं राहत नाही. म्हणून मातीत बोट घालून बघायचं, वरचा थर कोरडा लागला तरच पाणी. शिवाय कोंब दिसताच ट्रे उजेडात न्यायचा, नाहीतर रोपं नुसतीच लांबडी आणि लेचीपेची होतात.

साधारण ४ ते ६ आठवड्यांत रोप १०-१५ सेंटीमीटर झालं की संध्याकाळी मोठ्या कुंडीत हलवा. रंगाची रिकामी बादलीही चालेल, पण धुऊन आणि तळाला भोकं पाडून! एका कुंडीत एकच रोप. रोज निदान सहा तास ऊन हवंच.

दुसरा लाड खताचा. युरियासारखं नत्राचं खत जास्त झालं की झाड हिरवंगार दिसतं, पण फुलं येत नाहीत. कडक उन्हाळ्यात ३५ अंशांच्या वर फुलं गळतात, त्यात तुमचा दोष नाही. मिरचीच्या एकाच फुलात स्त्रीकेसर-पुंकेसर दोन्ही असतात, त्यामुळे एक झाडही पुरतं. बंद गॅलरीत वारा नसेल तर फांदीला हलकी टिचकी मारा.

पानं आकसली तर पाणी कमी पडलं असं समजून आणखी ओतू नका. पानं उलटी करून बघा. फुलकिडे किंवा कोळी रस शोषत असतात. शेतकऱ्यांचा हा ‘बोकड्या’. संध्याकाळी निंबोळी अर्क फवारा. पांढऱ्या माशीने व्हायरस आणला असेल तर मात्र औषध नाही. बाकीची झाडं वाचवायची तर ते उपटावंच लागतं.

जूनमध्ये पेरलं तर दसऱ्याच्या सुमाराला मिरच्या तोडता येतात. जितक्या हिरव्या तोडाल तितक्या नव्या धरतात. आणि मग येते दिवाळीची सुट्टी! आतापर्यंत जास्त पाण्याची भीती होती, पण रिकाम्या होस्टेलमध्ये १५ दिवस कोरडी राहिलेली कुंडी वाचत नाही. निघण्याआधी ती वॉचमनकाकांच्या किंवा मेसच्या मावशींच्या हवाली करा. त्या दिवसांतल्या मिरच्या अर्थातच त्यांच्या. फक्त दोन-चार झाडावरच लाल होऊ द्या, असं सांगून जा. पुढच्या जूनमध्ये ज्युनिअर्सना द्यायला बी लागेल ना!