जुन्या मोटारींचा वारसा कोणाचा?

जुन्या मोटारींचे संचलन निघाले की रस्त्याच्या दुतर्फा गर्दी लोटते. संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस आणि पॅकार्ड दिमाखात पुढे सरकतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतून त्यांची छायाचित्रे झळकतात. या कौतुकात गैर काही नाही. परंतु सामान्य माणसाने ज्या मोटारीतून प्रवास केला, तिला या वारशात स्थान आहे काय, हा प्रश्न आता विचारावयास हवा. मुंबईतील अखेरच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. टॅक्सीसाठी ठरविलेली वीस वर्षांची मुदत संपताच, ऑक्टोबर २०२३ मध्ये, काळ्या-पिवळ्या पद्मिनीचे पर्व संपले.

या मोटारीचा इतिहास महाराष्ट्राच्या उद्योगाचा इतिहास आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रथम अमेरिकेच्या क्रायस्लरच्या आणि पुढे इटलीच्या फियाटच्या सहकार्याने मोटारी बाहेर पडू लागल्या. १९६४ मध्ये आलेली ‘फियाट ११०० डिलाइट’ हीच १९७४ मध्ये चितोडच्या राणीचे नाव घेऊन ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यावर बसविलेला गिअर, असे तिचे साधे स्वरूप होते.

या साधेपणातच तिचे सामर्थ्य होते. प्लग पुसणे, पॉइंट घासणे, कार्बोरेटर उघडून त्यातील कचरा काढणे ही कामे रस्त्याच्या कडेलाही उरकता येत. नवी मोटार मिळविण्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे, त्या काळात जुनी गाडी चालू ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते. या निकडीतूनच गल्लोगल्लीच्या गॅरेजांत कारागिरांची एक पिढी घडली. तिच्याजवळ पदवी नव्हती, पण इंजिनाच्या आवाजावरून त्याचे दुखणे ओळखण्याची विद्या होती.

मोटारशर्यतीसारखा खर्चिक खेळ आपल्याकडे रुजला तोही याच विद्येच्या बळावर. मद्रासजवळ शोलावरम येथे दुसऱ्या महायुद्धातील धावपट्टीवर शर्यती होत. तेथे परदेशी गाड्यांबरोबरच फियाट आणि हेराल्ड यांचे सुटे भाग वापरून येथेच जुळविलेल्या गाड्याही धावत. सामान्य मोटारीचे मोल जगानेही पाहिले आहे. १९६८ मध्ये लंडन ते सिडनी ही प्रदीर्घ शर्यत युरोप आणि आशिया ओलांडून मुंबईला आली आणि तेथून गाड्या जहाजाने ऑस्ट्रेलियाला गेल्या. या शर्यतीत अँड्र्यू कोवन यांच्या चमूने विजय मिळविला, तो हिलमन हंटर या घरगुती वापराच्या मोटारीतून. उलट २०११ मध्ये ग्रेटर नोएडा येथे अफाट खर्चाने उभारलेल्या मार्गावर फॉर्म्युला वनच्या शर्यती सुरू झाल्या आणि करांच्या वादात सापडून तीनच वर्षांत, २०१३ नंतर, थांबल्या. पैशाने मार्ग बांधता येतो. खेळ मात्र खालून, गॅरेजांतून आणि हौशी चालकांतून वाढावा लागतो.

जुन्या टॅक्सी रस्त्यावरच ठेवावयास हव्या होत्या, असे कोणी सुज्ञ म्हणणार नाही. त्यांचा धूर सर्वांच्याच छातीत जात होता, आणि सुरक्षिततेच्या बाबतीत आजच्या मोटारी कितीतरी पुढे आहेत. परंतु सेवेतून निवृत्त करणे वेगळे आणि स्मृतीतूनच पुसून टाकणे वेगळे. निदान एक काळी-पिवळी टॅक्सी जतन करावी, अशी मागणी टॅक्सीचालकांच्या संघटनेने सरकारकडे केली होती. ती अवाजवी खचितच नव्हती.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनास वारसा-वाहन म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळू शकते. मात्र नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आहे. धनिक संग्राहकाला ही रक्कम किरकोळ वाटेल. वडिलांची फियाट अंगणात जपणाऱ्या निवृत्त शिक्षकाला किंवा टॅक्सीचालकाच्या मुलाला ती तशी वाटणार नाही. १९७४ ची पहिली पद्मिनी २०२४ मध्ये पन्नाशीला पोहोचली. आता प्रश्न आहे तो तिच्या बहिणी भंगारवाल्याच्या घणाखाली जाण्यापूर्वी त्यांतील काही वाचतील काय, हा.

त्यासाठी फार मोठ्या निधीची आवश्यकता नाही. अशा स्वदेशी मोटारींसाठी शुल्क कमी करावे. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी प्रत्येकी एक जुनी मोटार चालू स्थितीत ठेवावी आणि तिच्यावर हात बसविण्यासाठी, अद्याप हयात असलेल्या जुन्या कारागिरांना मानधन देऊन पाचारण करावे. मोटार काचेच्या पेटीत ठेवल्याने केवळ तिचा पत्रा टिकतो. ती चालू ठेवण्याची विद्या टिकावयाची असेल, तर ती जाणणारे हात आहेत तोवरच हे काम हाती घेतले पाहिजे.