टीबी झाला, व्हिटॅमिन डी कमी निघाले. गोळी घ्यावी की ताट सुधारावे?

गुरुकुंज मोझरी (जि. अमरावती) : राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ‘ग्रामगीते’त गावाच्या आरोग्याला स्वतंत्र अध्याय दिला. तरी आजही क्षयरोग (टीबी) खेड्यापाड्यांत ठाण मांडून आहे. रुग्णाच्या तपासणीत व्हिटॅमिन डी, लोह, जस्त कमी निघाले की घरचे टॉनिकच्या मागे लागतात. त्याने खरेच फरक पडतो का?

व्हिटॅमिन डीचा संबंध काय?
पांढऱ्या पेशी टीबीचे जंतू गिळतात. त्यांना मारणारे कॅथेलिसिडिन तयार करायला व्हिटॅमिन डी लागते. औषधे नव्हती तेव्हा सॅनेटोरियममध्ये रुग्णांना उन्हात बसवत. त्वचेच्या टीबीवर प्रकाशोपचार करणारे नील्स फिन्सेन यांना १९०३ मध्ये नोबेल मिळाले.

मग गोळीने टीबी लवकर बरा होतो?
तसे सिद्ध झालेले नाही. भारतात रुग्णांना मोठे डोस देऊन झालेल्या चाचणीत (२०१५) जंतू लवकर नाहीसे झाले नाहीत. मंगोलियात ८,८५१ शाळकरी मुलांना तीन वर्षे डोस देऊनही संसर्ग टळला नाही (२०२०). कमतरता असेल तर हाडांसाठी डॉक्टर गोळी देतात, ती घ्यावी. मनाने मात्र नको. टीबीत काहींच्या रक्तातील कॅल्शियम आधीच वाढलेले असते.

लोह, जस्त का घटते?
जंतूलाही वाढायला लोह लागते. म्हणून शरीर ते रक्तातून काढून साठ्यात दडवते आणि हिमोग्लोबिन उतरते. जस्तही रक्तातून कमी होते. शिवाय भूक मेल्याने जेवण तुटते. औषध लागू पडले की हे आकडे बरेचदा सुधारू लागतात.

फरक कशाने पडतो?
पोटभर, सकस जेवणाने. झारखंडमधील ‘रेशन्स’ अभ्यासात (२०२३) रुग्णांना दरमहा तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल असा १० किलो शिधा आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. पहिल्या दोन महिन्यांत वजन ५ टक्के वाढलेल्यांत मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. ज्या घरांत सगळ्यांनाच शिधा मिळाला, तिथे इतरांना टीबी होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले.

पैसे कुठून आणायचे?
निक्षय पोषण योजनेत उपचार सुरू असेपर्यंत दरमहा १,००० रुपये बँक खात्यात येतात. १ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही रक्कम ५०० होती. ती महागड्या टॉनिकवर घालवण्यापेक्षा तूर डाळ, हरभरा, अंडी, शेंगदाणे, दूध यांवर खर्च करा.

हे लक्षात ठेवा
• साध्या टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स मध्येच सोडू नका.
• दर महिन्याला वजन करा. ते वाढत नसेल तर डॉक्टरांना सांगा.
• औषधांसोबत दिलेली बी-६ ची गोळी चुकवू नका. ती हातापायांच्या मुंग्या टाळते.
• लोह, कॅल्शियम, जस्त किंवा ॲसिडिटीचे औषध घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. टीबीची काही औषधे त्यांच्यासोबत नीट शोषली जात नाहीत.