नॅशनल मॅच स्प्रिंगफील्डची पारख

अमेरिकी सैन्याची १९०३ची स्प्रिंगफील्ड रायफल लाखोंनी बनली, त्यामुळे साधी स्प्रिंगफील्ड संग्राहकाला आजही मिळू शकते. तिचा एक निवडक प्रकार मात्र दुर्मीळ आहे. ओहायो राज्यात ईरी सरोवराच्या काठी, कॅम्प पेरी इथे १९०७पासून नॅशनल मॅचेस या नेमबाजीच्या स्पर्धा भरू लागल्या. त्यांच्यासाठी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड शस्त्रागाराने १९२१ ते १९४० या काळात पारखून घेतलेल्या नळ्यांच्या, काळजीपूर्वक जुळवलेल्या रायफली तयार केल्या. या रायफलींना साध्या स्प्रिंगफील्डपेक्षा कितीतरी जास्त किंमत येते, आणि दोघींमधला फरक नजरेत भरणारा नसतो. नळीच्या तोंडावरचा एक बारीक तारा, बोल्टवरचे आकडे, आतल्या पोलादाची झिलई, एवढ्यावरच निवाडा करायचा असतो. म्हणून बनावट रायफली निघतात. त्याहून जास्त निघतात त्या शंभर वर्षांत हातोहात फिरताना सुटे भाग बदलत गेलेल्या, आणि त्यात कुणाची लबाडी असतेच असं नाही.

रायफल हाती घेताच बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा सरकता भाग, उघडावा आणि आत काडतूस नाही याची खात्री करावी. पारख त्यानंतर.

सगळ्यांची नजर आधी ताऱ्याकडे जाते, म्हणून तो का मारला जाई हे समजून घ्यायला हवं. नळीच्या आत पीळदार खाचा आणि त्यांच्यामधले उंचवटे असतात. स्प्रिंगफील्डच्या नळीत चार खाचा असून १० इंचांत त्यांचा एक वेढा पुरा होतो. उंचवट्यांमधला व्यास ०.३०० इंच आणि खाचांमधला ०.३०८ इंच असावा, अशी अपेक्षा. नळी कुठे किंचित सैल, कुठे किंचित आवळ असली तर गोळी सारख्या पकडीने पुढे सरकत नाही आणि दूरच्या लक्ष्यावर नेम विखुरतो. हे तपासायला ‘स्टार गेज’ हे उपकरण वापरत. मुळात ते तोफांच्या नळ्या मोजण्यासाठी होतं. लांब दांड्याच्या टोकाला आडव्या बारीक खुंट्या असतात. आतली निमुळती सळई पुढे सरकवली की त्या बाहेर येऊन नळीच्या भिंतीला टेकतात, आणि सळई किती सरकली त्यावरून व्यास कळतो. इंचाच्या दहा हजाराव्या भागापर्यंतचा फरक असा टिपता येई. नळीभर इंचाइंचावर अशी मोजणी होई. जी नळी कसोटीला उतरे, तिच्या तोंडावर तारा उमटे.

एवढ्या कष्टाने मिळवलेल्या खुणेबद्दल मला आदर वाटतो, पण तिच्या साक्षीची मर्यादाही इथेच दिसते. तारा सांगतो तो नळीबद्दल. स्टार गेजने तपासलेल्या नळ्या इतर रायफलींवरही बसल्या, सुट्याही विकल्या गेल्या. शिवाय ठसा तयार करणं फार अवघड नाही. म्हणून तारा बघताना त्याच्या शेजारची कडही बघावी. तोंडाची कड झिजून गोलसर झालेली आणि तारा मात्र कोरा करकरीत असेल, तर शंका घ्यायलाच हवी.

यानंतर नळीवरची तारीख. पुढच्या माशीच्या लगेच मागे ‘एस ए’ ही अक्षरं, शस्त्रखात्याचं ज्वाळायुक्त बॉम्बचं चिन्ह आणि महिना-साल असतं. ही तारीख रिसीव्हरवरच्या, म्हणजे नळी आणि बोल्ट ज्यात बसतात त्या धातूच्या मुख्य भागावरच्या, अनुक्रमांकाशी ताडून बघायची. समजा, अनुक्रमांक १३,२०,००० च्या आसपासचा आहे. हा साधारण १९२९चा रिसीव्हर. नळीवर त्याच सुमाराचे महिने असतील तर जोडी जुळते. १९४२ असेल तर नळी नंतर बदलली आहे. आठ लाखांच्या खालचा स्प्रिंगफील्डचा क्रमांक दिसला, तर ती १९२१ नंतरच्या या मालिकेतली नव्हे, मग तोंडावर कितीही सुंदर तारा असो. आणखी एक गंभीर गोष्ट म्हणजे त्या जुन्या रिसीव्हरांचं पोलाद उष्णतेच्या प्रक्रियेत कधीकधी ठिसूळ होई आणि काही फुटलेही. ते गोळी झाडण्यासाठी वापरू नयेत.

नॅशनल मॅच रायफलीच्या बोल्टवर रिसीव्हरचाच क्रमांक इलेक्ट्रिक पेन्सिलने कोरत. अक्षर हातचं, किंचित थरथरतं. विक्रेते ‘नंबर जुळतो’ म्हणून यावर फार भर देतात, पण मला हा पुरावा सर्वांत कच्चा वाटतो, कारण ते अवजार कुठल्याही कारखान्यात मिळतं. त्यापेक्षा बोल्ट मागेपुढे करून बघावा. खऱ्या रायफलीत बोल्ट आणि तो ज्या खोबणीतून सरकतो ती खोबण, दोन्ही झिलईदार असतात. हाताला अडखळ लागत नाही. नंबर कोरणारे पुष्कळ, खोबण घासत बसणारे थोडे.

लाकडी दस्ता स्वतंत्रपणे वाचावा लागतो. १९२०च्या दशकातल्या बहुतेक रायफलींना सरळ मुठीचा, कडेला बोटांसाठी खाच असलेला दस्ता असे. दशकाच्या अखेरीस पिस्तुली मुठीचा ‘सी’ दस्ता आला आणि तो घेऊन १९२९मध्ये १९०३ ए१ हे रूप मान्य झालं. १९२३च्या रायफलीवर सी दस्ता असेल तर तो नंतरचा, पण ही फसवणूकच म्हणता येणार नाही. कितीतरी नेमबाजांनी तो स्वतः आवडीने बसवून घेतला. खरी हानी होते ती सँडपेपरने. लाकूड घासलं की तपासनिसाचा शिक्का पुसट होतो, कडा गोल होतात आणि धातूलगतचं लाकूड खाली बसतं. दुसऱ्या महायुद्धात शस्त्रागारांनी दुरुस्त केलेल्या रायफलींच्या दस्त्यावर ‘ओ जी’ (ऑग्डेन) किंवा ‘आर ए-पी’ (रॅरिटन) असे शिक्के सापडतात. ते दिसले की नळी आणि सुटे भागही तेव्हाच बदलले असण्याची शक्यता धरून पुढे तपासावं.

धातूवरचा पार्करायझिंगचा, म्हणजे गंजापासून वाचवणारा करडा थर सगळीकडे सारखा जुना दिसावा. रिसीव्हर झिजलेला आणि नळी ताजी, किंवा सगळंच नवं पण ठशांच्या कडा बोथट, म्हणजे थर पुन्हा चढवला आहे. विकत घेतल्यावर आपणही तो मोह टाळावा. मळ काढायला मऊ कापड आणि थोडं तेल पुरे.

कागद मिळाले तर त्यांचं मोल मोठं. नागरी नेमबाजांना या रायफली सरकारच्या सिव्हिलियन मार्क्समनशिप कार्यालयामार्फत विकल्या जात. त्या विक्रीचा कागद, किंवा नळीची मापं नोंदलेलं स्टार गेजचं कार्ड सोबत असेल, तर त्यावरचा अनुक्रमांक रिसीव्हरशी अंकाअंकाने ताडावा. कागद नसतील, तर संग्रहाच्या वहीत ‘अस्सल’ असा एकच शब्द लिहू नये. रिसीव्हर कोणत्या काळचा, नळी कोणत्या महिन्याची, दस्ता कोणता, थर मूळचा की नंतरचा, हे वेगवेगळं नोंदवावं. स्पर्धेत झिजलेली नळी त्याच काळात स्टार गेजच्या दुसऱ्या नळीने बदललेली रायफल मला तरी कमअस्सल वाटत नाही, फक्त तसं स्पष्ट लिहिलेलं असावं आणि किंमतही त्याप्रमाणे मागितलेली असावी.